माझं पॅनल, हिरावहिनीची पलेट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी एकदा सांगायला लागले की मध्ये कुणाला बोलू देत नाही. आणि आता काय सांगू तुम्हाला, माझी जी फजिती झाली ती नेमकी याच सवयीमुळे झाली!

चौतीस वर्षं मी पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातून दोन खोडी अंगाला चिकटल्या. एक म्हणजे, चुकीचा शब्द कानावर आला की मला राहवत नाही. दूधवाला 'करंट गेलाय' म्हणाला तर त्याला दारात उभं करून 'वीजपुरवठा खंडित झाला आहे' असं म्हणायला लावते. बिचारा हल्ली पिशवी कडीला अडकवून पळतो. दुसरी खोड म्हणजे, समोरच्यानं अर्धा प्रश्न विचारला की माझं पूर्ण उत्तर तयार! वर्गात पस्तीस मिनिटांत तास संपवायचा असायचा हो. पोरांचे प्रश्न कुठवर ऐकत बसणार?

तर ही दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. मी नुकतीच निवृत्त झाले होते. राहायला खांदा कॉलनीत, आणि सासर पनवेलपासून रिक्षानं अर्ध्या तासावरच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही. ते लोक पुरेसे हसलेत माझ्यावर.

गावात माझी मोठी जाऊ राहते, हिरावहिनी. भाऊजी गेल्यापासून एकटीनं भाजीचा मळा सांभाळते. मेथी, माठ, मुळा, पालक, थंडीत वाल. सकाळी टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात, दुपारी परत मळ्यात. बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. थोडक्यात, माझ्या बरोबर उलट.

पण दोन वर्षं मळ्याचं काही खरं नव्हतं. पाऊस नको तेव्हा कोसळायचा, हवा तेव्हा तोंड फिरवायचा. फेब्रुवारीतच मे महिन्याचं ऊन पडायचं. विहिरीला पाणी होतं, पण पंप चालवायची वेळ झाली की वीज गायब. जानेवारीच्या शेवटी मी गेले तर हिरावहिनी वाफ्यात उकिडवी बसलेली. हातात मेथीची जुडी, आणि ती जुडी नुसती चुरचुरत होती.

"बाय, ही बघ. परवा हिरवी व्हती, आज कागद झाली," ती म्हणाली. "आता बस झाला. पाडव्याला त्यो प्लॉटवाला येनार हाय. देऊन टाकते."

एअरपोर्ट येणार म्हणून आमच्या भागात जमिनी घ्यायला माणसं अशी फिरत होती की दारात चप्पल काढायलाही थांबत नव्हती. आजूबाजूचे मळे केव्हाच गेले होते. उरले होते ते विहिरीभोवतीचे तीन, त्यातला एक हिरावहिनीचा. आणि जमीन विकून ती करणार काय होती? माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून कुंडीतल्या तुळशीला पाणी घालणार? तिला मी त्या गॅलरीत डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि मला रडूच आलं. मग राग आला. मला रडू आलं की पाठोपाठ राग येतोच.

"देऊन टाकते म्हणजे काय? मी आहे ना!" मी म्हटलं.

"तू काय करशील? उनाला छडी मारशील?"

तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली. बांधावर शेवग्याचं झाड होतं. त्याच्या विरळ सावलीतली मेथी टवटवीत! दोन हात पलीकडची मात्र करपलेली.

हिरावहिनीनं माझी नजर पाहिली. "ते मनाबी ठाव हाय. पन सगल्या मल्यावर शेवगा कसा लावू?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, शेवगा कशाला? उंच लोखंडी खांबांवर सौर पॅनल उभी करायची, मध्ये मध्ये फटी ठेवायच्या, खाली भाजी! भर दुपारचं ऊन वरच्या वर अडतं, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन खाली पोचतं, मातीतला ओलावा टिकतो. आणि वर अडवलेल्या उन्हावर विहिरीचा पंप चालतो. जे ऊन भाजी जाळत होतं, त्यालाच पाणी काढायला जुंपायचं! मी हे सगळं तिला हातवारे करून समजावलं.

हिरावहिनी विचार करून म्हणाली, "म्हंजे पलेटी. त्या हायवेच्या दिव्यांवर असत्यात, त्या सोलारच्या पलेटी."

"पलेटी नाही वहिनी. पॅनल! म्हणा बघू, पॅनल."

"पन बाय, गावात पॅनल बोलला का लोक..."

"लोकांनाही योग्य शब्द कळला पाहिजे! म्हणा, पॅनल."

"पॅनल," हिरावहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आज आठवलं तरी कान लाल होतात. ती मला काहीतरी सांगत होती हो! पण मी ऐकेन तर ना!

मी कामाला लागले. निवृत्तीच्या वेळी हातात पाटल्या घालायच्या असं ठरलं होतं, त्या रद्द केल्या आणि पॅनल घ्यायचं ठरवलं. मळा मोजला, वहीत नकाशा काढला, यातच फेब्रुवारी संपला. आठ पॅनल बरोबर बसत होती, नववं बसत नव्हतं. सामान बसवून देणारा म्हणाला, "बाई, सगळं देतो, पण विहीर सामाईक आहे. बाकीच्या भागीदारांच्या सह्या आणा, मगच ट्रक निघेल."

भागीदार दोनच होते. एक जनूकाका, वय झालेले, सही करताना हात थरथरतो म्हणून नव्हे तर स्वभावानंच सही न करणारे. दुसरे नामदेवशेठ, गावचे पुढारी. दोन सह्या! मला वाटलं, एका रविवारचं काम.

आता एक गोष्ट, जी तेव्हा मला सोडून अख्ख्या गावाला माहीत होती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आणि गावाकडे 'पॅनल उभं करणं' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको! आपली सगळी माणसं एकत्र करून समोरच्याच्या विरोधात निवडणूक लढवणं. त्यात यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव.

आणि मी, खांदा कॉलनीहून रिक्षानं आलेली शहाणी, रविवारी सकाळी जनूकाकांच्या ओटीवर जाऊन खणखणीत आवाजात काय म्हणाले?

"काका, मी गावात पॅनल उभं करतेय. तुमची सही हवी!"

जनूकाकांच्या हातातली बशी कलंडली. चहा सगळा धोतरावर.

"तू? पॅनल? मास्तरीनबाय, तू?"

"का? बाईनं उभं करू नये असं कुठे लिहिलंय?"

"तसा नाय, पन..." काकांनी रस्त्यावर डावीउजवीकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नामदेवला ठाव हाय?"

"त्यांच्याकडेच चाललेय. त्यांचीही सही घेणार."

"नामदेवची सही? तुज्या पॅनलला?" काकांचे डोळे कपाळात गेले. "आगं, मागच्या टायमाला भालूनं पॅनल उभा केलता. सगला आपटला!"

मला वाटलं, कुणा भालूनं घाईघाईत कसल्या तरी काटक्यांवर पॅनल ठोकलं असेल. "पाया कच्चा असणार त्याचा. माझा पाया मी खालपासून पक्का करणार आहे. कितीही वारं सुटू दे, माझं पॅनल पडणार नाही!"

"लय जोरात हायस बाय," काका पुटपुटले. "पन सही आता नको. दोनी बाजू बगून सांगतो."

"दोन्ही बाजू कसल्या? एकच बाजू धरायची, दक्षिण! सगळं पॅनल दक्षिणेकडे झुकलेलं पाहिजे."

आमच्या गावात दक्षिणेला खालची आळी आहे. अडीचशे मतं. हे मला नंतर कळलं. मी ओटीवरून उतरायच्या आत बातमी खालच्या आळीत पोचली होती.

पुढच्या रविवारी मी गेले तर हिरावहिनीच्या पडवीत खालच्या आळीतल्या पाच-सहा बाया बसलेल्या. मला बघून सगळ्या उठल्या. एकीनं तर पाण्याचा तांब्या पुढे केला. मी भारावले. विज्ञानाची ओढ म्हणतात ती हीच!

त्यातली बेबीताई पुढे झाली. मासळी विकणारी बाई, आवाज असा की माश्या उडून जातील. "मास्तरीनबाय, मना बी घे तुज्या पॅनलमदी."

मला वाटलं, हिलाही घरावर हवंय. "यंदा नाही जमणार हो. आठच बसतायत."

"आट? जागा तर नऊ हायेत!"

"नववं बसत नाही. मी मोजून पाहिलंय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. नववी जागा मी कुणाला तरी सोडली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"मंग ते आट जन ठरले? गावातले कोन कोन?" बेबीताईनं विचारलं.

"गावातले? छे! सगळा माल बाहेरचा. इकडचा टिकत नाही," मी म्हणाले. "गुजरातहून येणार आहे."

तांब्या पुढे केलेल्या बाईनं तो परत मागे घेतला.

"गुजरात?" बेबीताईचा आवाज चढला. "का गो? गावात मानसं मेली काय?"

"माणसं आहेत हो, पण माणसांना का उन्हात उभं करायचं? दिवसभर आकाशाकडे तोंड करून उभी राहतील का ती?"

तेवढ्यात हिरावहिनी हात पुसत बाहेर आली. "आगं बायांनो, ती पलेटी..."

"पॅनल, वहिनी! किती वेळा सांगायचं?" मी सगळ्यांसमोर तिला दुरुस्त केलं. हिरावहिनीनं तोंड मिटलं, आत गेली आणि भाकरी थापायला लागली. त्या भाकरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता, एवढं मात्र मला जाणवलं.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की खांदा कॉलनीची बाई बाहेरून आठ माणसं आणून गावावर बसवणार आहे. मतदारयादीत त्यांची नावं घुसवली आहेत. यादीत शोधाशोध झाली. आठ जण सापडले नाहीतच, पण माझंही नाव सापडलं नाही! कसं सापडणार? माझं मत इकडे खांदा कॉलनीत. त्यावरून तुम्ही-आम्ही म्हणू, की ज्या बाईचं मतच नाही ती कसली निवडणूक लढवणार. पण गाव म्हणालं, बाई फार पोचलेली आहे, स्वतः मागे राहून डाव टाकतेय.

दोन दिवसांनी नामदेवशेठ माझ्या घरी आले. सोबत दोन माणसं आणि पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, अरे वा, सही द्यायला स्वतः आले! मी आमच्या ह्यांना चहा टाकायला सांगितला आणि सहीचा कागद काढून टीपॉयवर ठेवला.

नामदेवशेठ सोफ्याच्या कडेवर बसले. "बाई, मी सरल बोलतो. तुमी पॅनल मागं घ्या."

"मागे?" मी नकाशा उघडला. "मागे घेतलं तर विहिरीवर येतं. पुढेच राहणार. एक इंचही मागे घेणार नाही!"

"गावात आजपत्तर समजुतीनं झालाय सगला. तुमाला एकादी जागा पायजे तर बोला. देतो."

"जागा आमची आहे, शेठ. तुम्ही कोण देणार?"

शेठचा चेहरा पडला. बरोबरच्या दोघांनी माना खाली घातल्या. स्वयंपाकघराच्या दारातून आमचे हे म्हणाले, "अगं, मला वाटतं यांचं जरा..."

"तुम्ही चहाकडे बघा, उतू जाईल!"

ते आत गेले. हे ध्यानात ठेवा. त्या माणसाला तेव्हाच सगळं कळलं होतं.

शेठनी सूर बदलला. "बाई, खरा सांगा. ह्या सगल्याच्या मागं कोन हाय?"

"कुणी नाही. हे सगळं हिरावहिनीसाठी चाललंय."

"हिराबायसाठी?" शेठ सोफ्यावरून अर्धे उठले. महिला राखीव! त्यांना सगळं जुळलं. "म्हंजे हिराबायला तुमी खुर्चीवर बसवनार?"

"खुर्चीवर बसो, बाजेवर बसो, तिला काय आवडेल त्यावर बसो! जन्मभर उन्हात राबली ती. आता तिला सावलीत बसवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. कुणीही आडवं आलं तरी!"

नामदेवशेठ उठले. पेढ्यांचा पुडा त्यांनी जाताना परत उचलला. दारात थांबून म्हणाले, "शनवारी देवलाफुडं गावकी हाय. थितं बोला काय ता."

"बोलणारच!" मी म्हटलं.

ते गेल्यावर हे चहाचा ट्रे घेऊन आले. पाच कप. "आता तरी ऐकतेस का?" त्यांनी विचारलं. मी ऐकलं नाही. मी भाषणाची तयारी करत होते. सांगू का, आतून मी घाबरलेही होते. पाडवा आठ दिवसांवर आला होता, सह्या एकही नाही, आणि लोकांना एका साध्या सावलीचा एवढा राग का यावा हेच मला उमजत नव्हतं. रागाच्या भरात मी ठरवलं, की या गावाला विज्ञान समजावून सोडायचं. मग नाही झालं तर नाही झालं.

शनिवारी चार वाजता गावदेवीच्या देवळापुढे सगळा गाव जमला होता. एका बाजूला नामदेवशेठ आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला मागच्या वेळी आपटलेले भालूशेठ आणि त्यांची. मागे बायका. बेबीताई सगळ्यांत पुढे, कमरेवर हात. हिरावहिनी खांबाला टेकून बसलेली.

मी पायरीवर चढले. शाळेतला आवाज लावला.

"मंडळी! तुमचा माझ्या पॅनलला विरोध का आहे ते मला कळत नाही!"

गलका झाला.

"गेली दोन वर्षं या गावाचं काय चाललंय? कोण होरपळतंय? कोण नुसतं वर बघत बसलंय?"

भालूशेठच्या बाजूनं टाळ्या पडल्या. नामदेवशेठ सत्तेवर होते ना! मला हुरूप आला.

"काहीजण म्हणतात मागे घ्या! मी मागे घेणार नाही! काहीजण म्हणतात पडेल! माझं पॅनल पडणार नाही! उलट एकदा उभं राहिलं की पंचवीस वर्षं हलणार नाही!"

"पंचवीस वर्सं?" जनूकाका ओरडले. "आगं, पाच वर्सांवर कोनाला ठेवत नायत!"

"हे राहतंच! कंपनीची हमी आहे!"

"कंपनीबी हाय हिच्या मागं!" कुणीतरी कपाळावर हात मारला.

नामदेवशेठ उभे राहिले. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "बाई, एकच इचारतो. तुमच्या पॅनलची निशानी काय?"

निशाणी? मला प्रश्नच विचित्र वाटला. पण उत्तर द्यायची सवय! मी हात सरळ आकाशाकडे केला. "निशाणी काय विचारता? डोक्यावर बघा! सूर्य!"

काय सांगू तुम्हाला, अशी टाळी मला चौतीस वर्षांत एकाही स्नेहसंमेलनात मिळाली नव्हती. खालच्या आळीची पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणीतरी 'हिराबायचा इजय असो' म्हणून ओरडलं. नामदेवशेठ घाम पुसायला लागले. भालूशेठच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं, कारण सूर्य ही निशाणी त्यांनीच मागितली होती. आणि मी पायरीवर उभी, हात आकाशाकडे, की या गावाला विज्ञानाचं एवढं प्रेम होतं तर सह्या का देत नव्हते?

तेवढ्यात हिरावहिनी उठली. हळूच पदर खोचला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"पॅ..." मी तोंड उघडलं.

"गप बस," हिरावहिनी म्हणाली.

मोठी जाऊ असून आजवर तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले.

"आरं, कसला पॅनल न् कसली निवडनूक!" ती गावाकडे वळली. "ही पलेटींबद्दल बोलतेय. सोलारच्या पलेटी! हायवेच्या दिव्यांवर असत्यात त्या. आट पलेटी, गुजरातच्या कारखान्यातल्या. मना मल्यावर उभ्या करायच्या हायेत."

देवळावरचा कावळा तेवढा ओरडला.

मग जनूकाका हसले. म्हातारा असा हसला की त्याला दोघांनी धरून खाली बसवावं लागलं. त्याच्या मागोमाग सगळा गाव. बेबीताई तर जमिनीवर बसली. नामदेवशेठ हसत होते की सुटकेनं रडत होते, कळत नव्हतं. आणि मी? एका बाजूनं एकेक वाक्य आठवत होते. मागे घ्या... एखादी जागा... नऊ जागा... खुर्चीवर... अरे देवा! मला वाटलं, धरणीनं आता दुभंगावं. दुभंगली नाही.

हिरावहिनी मात्र हसत नव्हती. हसणं ओसरेपर्यंत ती थांबली.

"मना खुर्ची नको," ती म्हणाली. "मना सावली पायजे. मेथीवर, माठावर. येका उनाल्यात भाजी अशीच गेली, दुसऱ्यातबी अशीच गेली. पाडव्याला त्यो प्लॉटवाला येतो. तुमी सही नाय दिलीत तर मी त्याला जमीन देनार. मंग इहिरीचा तिसरा भागीदार त्यो. रोज त्याच्या संगती पानी वाटून घ्या."

यावर कोण हसणार? जनूकाकांनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते. पंधरा दिवस घसा फोडून मी जे सांगू शकले नाही, ते तिनं आठ-दहा वाक्यांत सांगितलं. आणि शब्दही चुकीचा वापरून!

नामदेवशेठ पुढे झाले. "हिराबाय, आदी बोलली असतीस तर!"

"बोलू कवा दिला हिनं?" हिरावहिनीनं माझ्याकडे बोट केलं.

सही करायला शेठनी पेन काढलं. त्याबरोबर भालूशेठही पेन काढून धावले, विहिरीत त्यांचा एक थेंबही भाग नसताना! निवडणूक होती ना. एका कागदावर दोन सह्या हव्या होत्या, तिथे अकरा झाल्या. शेवटची बेबीताईची, अंगठा नव्हे, चांगली लफ्फेदार सही. ट्रक पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. पाडव्याला प्लॉटवाला आला तेव्हा वरती आठ प्लेटा उन्हात चमकत होत्या आणि हिरावहिनी सावलीत बाजेवर बसून माठाच्या जुड्या बांधत होती. त्याला तिनं एक जुडी दिली आणि वाटेला लावलं.

त्या मे महिन्यात मी भर दुपारी त्या मळ्यात उभी राहिले. बाहेर जमीन तडकलेली, आणि खाली वाफ्यात ओल. पाटातून पाणी येत होतं, वीज नसताना. मी पालकाच्या पानाला हात लावला, ते गार होतं. माझ्या पाटल्या गेल्याचं मला क्षणभरही वाईट वाटलं नाही.

निवडणुकीत कोण आलं ते सोडा. पण दोन्ही बाजूंच्या पत्रकांत 'घरोघरी सोलर पलेटी' असं छापलेलं होतं. पलेटी! मी लाल पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

तर तात्पर्य काय? लोकांचा शब्द वापरावा. मी शिकले! पक्की शिकले! इतकी की पुढच्या वर्षी खांदा कॉलनीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायची ठरली, तेव्हा मी चुकूनही 'पॅनल' म्हटलं नाही. सोसायटीचीही निवडणूक जवळ आली होती ना! सेक्रेटरींना जिन्यात गाठून मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर प्लेटा लावायच्या आहेत. सगळ्यांना यायला सांगा."

"सगळ्यांना? वा! बाई, कशानिमित्त..."

"हिरावहिनीचा मळा बघून ठरवलंय. सगळी व्यवस्था माझी!" मी म्हटलं आणि जिना उतरले. प्रश्न पुरा झाला होता का? नव्हता.

रविवारी मी हिरावहिनीला मुद्दाम अनुभव सांगायला बोलावून घेतलं. दहा वाजता आम्ही गच्चीवर गेलो. चाळीस माणसं! नटूनथटून आलेली. लहान पोरं, दोन आजोबा, तिसऱ्या मजल्यावरच्यांचे पाहुणेसुद्धा. कुणी सतरंजी अंथरली होती. सकाळपासून कुणाच्याच घरी नाश्ता झालेला दिसत नव्हता.

सेक्रेटरी हात चोळत पुढे आले. "बाई, प्लेटा कुठे लावल्यात?"

"अजून लावल्या नाहीत. इथे लावायच्या, दक्षिणेकडे तोंड करून."

"बरं, बरं. आणि वाढणार काय?"

मी बघतच राहिले. चाळीस भुकेली तोंडं माझ्याकडे बघत होती. माझ्या मागून हिरावहिनीचा शांत आवाज आला.

"ऊन."

आमचे हे टाकीच्या आडोशाला जाऊन हसत होते. मी निमूटपणे फोन काढला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात लावला. "चाळीस मिसळ पाठवा. गच्चीवर."

पलीकडून मालकानं विचारलं, "बाई, प्लेट की पार्सल?"

मी फोन सरळ हिरावहिनीच्या हातात दिला.